आत्तींचा नेमाचा चष्मा

आत्तींचा नेम चुकला की फायदा माझ्या आईचा होता, आणि त्या रविवारी आत्तींचा नेम एकसारखा चुकत होता.

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, हेमलता इंगवले. कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात त्यांनी खेळाच्या बाई म्हणून उभी हयात काढली, आणि एअर पिस्तुलाचा नाद त्यांना निवृत्तीच्या कितीतरी आधीपासूनचा. त्यांच्या शेजारच्या लेनमध्ये पिस्तूल धरून उभी होती ती माझी आई, शालन पोवार, दूध संघाच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली. म्हणजे दोघी एकमेकींच्या विहिणी. आईला या नादाला लावलं ते आत्तींनीच. माझ्या लग्नाची गडबड ओसरल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "विहीणबाई, दुधातलं फॅट मोजण्यात जन्म गेला, आता या की एकदा रेंजवर." त्यांना वाटलं, विहीणबाई एकदा येतील, घाबरून कानात बोटं घालतील आणि घरी जाऊन आपलं कौतुक सांगतील. आई आली ती तिथेच रुजली. प्रयोगशाळेत आयुष्यभर नळीतल्या बारीक रेघांवर डोळा ठेवलेली बाई. तिचा हात हलत नसे.

मी मागच्या बाकावर दोघींचे डबे सांभाळत बसले होते. तू कुणाच्या बाजूची, असं मला तिथे कुणी विचारत नसे, हे एक बरं होतं.

"उजेड कमी केलाय कुणीतरी," आत्ती पिस्तूल टेबलावर ठेवत म्हणाल्या.

"तेवढाच आहे हो, विहीणबाई."

"मग हे छर्रे हलके आलेत यंदा."

"मी पण त्याच डबीतले मारतोय की," आई म्हणाली. आमच्याकडे बायकाही ‘मी आलो’, ‘मी गेलो’च म्हणतात, नेम धरणाऱ्या बायका तर जरा जास्तच.

आत्ती माझ्याकडे वळल्या. "वैजू, सकाळी पोह्यात काय घातलं होतंस गं?"

"रोजचंच, आत्ती."

"तरीच."

सूर्यवंशी सर, आमच्या मंडळाचे प्रशिक्षक, आत्तींचा कागद घेऊन आले. कागदावर काळं वर्तुळ जवळजवळ कोरं होतं आणि भोकं सगळी त्याच्या आजूबाजूला, पाहुण्यांनी पंगत सोडून मांडवाच्या कडेला बसावं तशी.

"बाई, साइट बघताय ना?" सरांनी हळूच विचारलं. "लक्ष्य जरा पुसट दिसलं तरी चालतं. नळीच्या टोकावरची साइट स्वच्छ दिसली पाहिजे."

"सर, हे मी तुमच्या आधी शिकलोय."

सरांनी कागद टेबलावर ठेवला. पण सांगायचं होतं ते त्यांना सांगावंच लागलं. जिल्ह्याच्या वयस्क महिलांच्या संघात तीन जागा. दोन इचलकरंजीच्या बायकांनी केव्हाच पक्क्या केलेल्या. तिसरी वर्षानुवर्षं आत्तींची. पण निवड चाचणी तोंडावर आली होती आणि गेल्या काही सरावांत आई त्यांच्या पुढे होती.

आत्तींनी पिस्तुलाची पेटी फाडकन बंद केली. "यंदा संघात बसलो नाही, तर हे पिस्तूल मंडळाला देऊन टाकतो आणि सरळ घरात बसतो. लई झालं. वैजूला जरा स्वयंपाक तरी शिकवतो."

रेंजवरचे सगळे हसले. त्या हसत नव्हत्या. आईचा पुढचा छर्रा का कोण जाणे पार कडेला गेला.

आता मी पतसंस्थेत कर्जखात्याला होते. माणूस दारातून आत आला की त्याला काय हवंय आणि तो कशावर हात मारणार, हे ओळखणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. आत्तींचं बिघडलं कुठे, ते मी बाकावर बसूनच ओळखलं होतं. त्यांच्या डोळ्यांवर लांबचं आणि जवळचं एकाच काचेत असलेला प्रोग्रेसिव्ह चष्मा होता. नेम धरताना त्यांची मान कोंबडीसारखी वरखाली व्हायची. मान खाली घातली की समोरचं वर्तुळ दिसायचं, पण साइट विरघळायची. हनुवटी वर केली की साइट दिसायची आणि मानेला रग लागायची. या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी त्या घोडा दाबायच्या.

"आत्ती, एकदा डोळे तपासून घेऊया?" मी घरी आल्यावर म्हटलं.

"डोळे? माझे?" त्यांनी असं पाहिलं की जणू मी त्यांच्या माहेराबद्दल काही बोलले. माझा नवरा विश्वजित तेवढ्यात ताट उचलून बाहेर गेला. त्या दिवसांत दोन्ही आयांचा विषय निघाला की त्याला हमखास कारखान्यातलं काम आठवायचं.

शेवटी आल्या त्या मला खोटं पाडायला. महाद्वार रोडला चौगुल्यांचं चष्म्याचं दुकान आहे. चौगुले तरुण, शिकलेला, जिभेवर साखर. त्याने आत्तींना खुर्चीवर बसवलं, एक डोळा झाकला, समोरच्या तक्त्यावर पट्टी ठेवली. पट्टी पोचायच्या आधी आत्तींचं अक्षर म्हणून झालेलं. वरची ओळ, मधली ओळ, तळातली मुंगीएवढी ओळ. दुसरा डोळा, पुन्हा तसंच. एकदम फर्मास.

"मॅडम, लांबचं तुम्हाला काहीच नको," चौगुले चकित होऊन म्हणाला. "नेमबाजीला हा प्रोग्रेसिव्ह मात्र काढा. बिनचष्म्याचं मारा."

बाहेर आल्यावर आत्तींनी मला सोळंकीच्या दुकानात आइस्क्रीम खायला घातलं. जिंकलेला माणूस उदार होतो.

बिनचष्म्याने मारल्यावर कागदावरची भोकं आणखी पांगली. मग दोष पिस्तुलावर आला. पिस्तूल पुण्याला दुरुस्तीला गेलं आणि ‘काही बिघाड नाही’ म्हणून परत आलं. आत्तींनी ते हातात घेतलं, पुसलं, पेटीत ठेवलं, आणि त्या संध्याकाळी त्या रेंजवर गेल्याच नाहीत. माझ्यामागे स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "फोडणीत जिरं आधी नाही घालायचं." त्यांच्या आवाजात नेहमीची धार नव्हती. मला पहिल्यांदाच त्यांची काळजी वाटली.

आईला मी फोनवर सगळं सांगितलं.

"तक्ता वाचला?" आईने विचारलं. "कसा वाचला?"

"भराभर. चौगुल्याची पट्टी मागे पडत होती."

"अडखळली नाही कुठंच?"

"अजिबात नाही."

आई हसायला लागली. "अगं येडे, त्यांच्या हायस्कुलात दरसाल पोरांची डोळेतपासणी कोण घ्यायचं?"

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शाळेच्या व्हरांड्यात तोच तक्ता टांगून, हातात छडी घेऊन, आत्तींनी कोल्हापूरच्या दोन पिढ्यांचे डोळे तपासले होते.

"त्यांनी वाचला नाही, म्हणून दाखवला," आई म्हणाली. "गणपतीची आरती कोण पुस्तकात बघून म्हणतं का?"

"म्हणजे आत्ती खोटं बोलल्या?"

"खोटं कशाला? पाठ असलेलं माणसाला दिसतंच. त्यांना खरंच वाटतंय, आपल्याला दिसतंय."

लेक असले तरी धंद्याने कर्जखात्याची. म्हटलं, "आई, तू गप्प बसलीस तर जागा तुझी आहे."

"ते कळतंय मला," आई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

शनिवारी दुपारी आई आमच्या दारात उभी. हे नवलच होतं, कारण लेकीच्या घरी न बोलावता जायचं नाही हा तिचा नेम. खांद्याला पर्स, आणि पर्समधून लाटण्याचं टोक बाहेर आलेलं.

"विहीणबाई," ती आत्तींना म्हणाली, "मला डोळे दाखवायचेत. ते चौगुल्यांचं दुकान काही सापडेना. येता का जरा सोबत?"

"जन्म गेला कोल्हापुरात आणि तुम्हाला महाद्वार रोड सापडत नाही?"

"वय झालं हो."

आत्तींच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी तेज आलं. "थांबा, पातळ बदलून आलो."

दुकानात आई आधी खुर्चीवर बसली. चौगुल्याने या वेळी नेहमीचा तक्ता काढून दुसराच लावला. त्यात अक्षरं नव्हतीच, नुसते इंग्रजी ई. कुणाचं तोंड वर, कुणाचं खाली, कुणाचं डाव्या अंगाला. तोंड जिकडे, तिकडे हात करायचा. आईने वाहतूक पोलिसासारखे हात केले, तळाच्या ओळीत एकदोनदा चुकली, आणि उठताना म्हणाली, "अवघड आहे बाई हे. सगळ्यांना जमायचं नाही."

झालं. आत्ती खुर्चीत बसल्यासुद्धा. "बघू, काय अवघड आहे ते."

पहिली ओळ त्यांनी बरोबर सांगितली. दुसरीत हात वर गेला, तिथेच थांबला, मग डावीकडे आला. तिसरीत त्यांनी हात उचललाच नाही.

"दिवा लावा की जरा," त्या म्हणाल्या.

"लावलेलाच आहे, मॅडम," चौगुले म्हणाला.

चौगुल्याने पट्टी खाली घेतली. ज्या बाईने शेकडो पोरांना ‘नीट बघ, धडपडू नकोस’ म्हणून दटावलं, तिचा हात मांडीवर पडून होता. मी आईकडे पाहिलं. आता ती काय बोलणार, याची मला धास्ती.

आई उठली. "मी जरा खण बघून येतो समोरच्या दुकानात," ती दुसरीकडेच बघत म्हणाली. जाताजाता पर्समधलं लाटणं माझ्या हातात दिलं. "हे चौगुल्यांना दे." आणि गेली. विहिणीचा मान मांडवात कुणीही ठेवतं. मला वाटतं, आत्तींकडे पाठ करून जाण्याएवढा मान आईने त्यांना आधी कधी दिला नव्हता.

लाटण्याच्या एका टोकाला काडेपेटीतली काडी चिकटपट्टीने उभी बसवलेली होती.

"हे काय?" आत्तींनी विचारलं.

चौगुल्याने ते सराईतासारखं हातात घेतलं. "तुमच्या पिस्तुलाच्या मापाचं आहे, मॅडम. मुठीपासून ही काडी जेवढ्या अंतरावर, तेवढ्याच अंतरावर तुमची साइट."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

चौगुले बिचारा साखरेचाच; पोटात काही राहीना. "पोवार काकी परवा येऊन तासभर बसल्या होत्या. साइट म्हणजे काय, काय दिसायला हवं, काय नको, सगळं मला समजावलं त्यांनी. हा ई-चा तक्तापण त्यांनीच लावायला सांगितला."

आत्तींनी काचेतून बाहेर बघितलं. रस्त्यापलीकडे आई एक खण उजेडात धरून त्याचा काठ तपासत होती.

मला वाटलं, आता या उठतात. उठल्या असत्या तर जागा आईची, पिस्तूल मंडळाचं, आणि विषय संपला. त्या उठल्याही. पण दाराकडे गेल्या नाहीत. आडव्या उभ्या राहिल्या, पाय फाकवून, डावा हात कमरेला, उजवा हात सरळ समोर, आणि हातात लाटणं.

चौगुल्याने त्यांच्या डोळ्यांवर चाचणीची गोल फ्रेम चढवली आणि काचा घालायला सुरुवात केली. आधी लांबचा तक्ता स्पष्ट केला. आत्तींच्या तोंडून "अरे!" निघालं, म्हणजे इतके दिवस काय दिसत नव्हतं ते त्यांना तेव्हा कळलं. मग त्याने आणखी एक हलकी काच वर चढवली.

"आता काडी?"

"काडी झकास दिसतेय. पण तक्ता पुसट झाला की."

"तेच तर. दोन्ही एकदम स्पष्ट दिसायचं वय आता नाही, मॅडम. काय पुसट ठेवायचं, ते तुम्ही ठरवा."

चष्मा न्यायला आलेल्या एका माणसाने दारातच पाऊल थांबवलं. लाटणं रोखून उभ्या असलेल्या आत्तींना त्याने खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि मला हळूच विचारलं, "काकींना एवढ्या जवळच्या मारालापण चष्मा लागतो होय?"

आत्तींनी ऐकलं. लाटणं न हलवता म्हणाल्या, "नवीन माणूस असलं की लागतो. उभे राहा तिथंच." तो माणूस बाहेर जाऊन थांबला. मग त्या चौगुल्याला म्हणाल्या, "करा पुसट."

नेमबाजीची खास फ्रेम आली ती चाचणीच्या आदल्या आठवड्यात. उजव्या डोळ्यासमोर एकच गोल काच, नेम धरताना डोळ्यासमोर सरळ येईल अशी फिरवता येणारी. डाव्या डोळ्यासमोर पांढरी झडप. आत्ती तो डोळा आवळून मिटायच्या, त्याने चालत्या डोळ्यालाही ताण यायचा. आता दोन्ही उघडे. काळी झडप का नको, तर पांढरीतून दोन्ही डोळ्यांना सारखा उजेड मिळतो, हे चौगुल्याने सांगितलं.

"विहीणबाई," आई रेंजवर त्यांची नवी नजर जोखायला म्हणाली, "माझं घड्याळ मागे पडतंय, बघता का जरा?"

"तुमचं घड्याळ मी चाचणीच्या दिवशी बंदच पाडतो," आत्ती म्हणाल्या.

दोघींनी नंतर दुकानाचा विषय काढला नाही. आत्तींचा सराव मात्र बघण्यासारखा होता. मान सरळ. ओठ बंद. आणि रेंजवरून येताना त्या उजेड, छर्रे, पोहे यांतल्या कशाबद्दलच बोलत नव्हत्या. राग होता. माझी कीव केली या बाईने, हा राग. रागाचा उपयोग करून घेणं त्यांना चांगलं जमायचं.

चाचणीच्या सकाळी मी पुन्हा त्याच बाकावर. अर्धे छर्रे मारून होईपर्यंत आई पुढे होती. मग आत्तींनी दम घेतला, पाण्याचा घोट घेतला, काच पदराने पुसली आणि एकामागोमाग एक मारायला लागल्या. छर्रा सुटायचा आणि त्या कागदाकडे बघायच्याही नाहीत. हात खाली, पुन्हा वर. आईने शेवटी कसून गाठायला बघितलं. तिच्या मानेवरची शीर मला मागून दिसत होती. तीन गुणांनी आत्ती पुढे राहिल्या.

सरांनी निकाल सांगितला तेव्हा आत्तींनी फ्रेम काढली, डोळे पुसले आणि धूर लागला म्हणाल्या. एअर पिस्तुलाला धूर नसतो.

"मुद्दाम सोडलंस?" मी आईला गाठून विचारलं.

"सोडलं?" आई भडकली. "हात भरून आलाय माझा. मुद्दाम म्हणे!"

तिथून दोघी आमच्या घरी आल्या. मी चहाचं आधण ठेवलं. आत्ती स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसल्या, आई ओट्याला टेकून.

"विहीणबाई, एक विचारतो. खरं सांगायचं," आत्ती म्हणाल्या. "दया आली का माझी?"

"दया? तुमची?" आई म्हणाली. "अजून खांदा ठणकतोय माझा तुमच्यापायी."

"मग का केलंत? गप्प बसला असता तर तुमचंच होतं की."

आईने एकदा माझ्याकडे बघितलं. मी डोळे मोठे केले. आई डोळ्यांना कधीच घाबरली नाही.

"तुम्ही म्हणाला होता ना, पिस्तूल देतो आणि घरात बसतो, वैजूला स्वयंपाक शिकवतो. ते ऐकूनच माझा छर्रा कडेला गेला. ही पोर पतसंस्थेतून दमून येते तेव्हा तुम्ही रेंजवर असता. तेवढे दोन तास घर तिचं. खुर्चीवर पाय टाकून बसते, माझ्याशी फोनवर बोलते, रेडिओ मोठ्याने लावते. संघातली जागा काय, यंदा गेली तर पुढच्या साली मारून घेईन. पण तुम्ही एकदा घरात बसलात, की तुम्हाला उठवणार कोण?"

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला, आणि तो बंद करायला मला फार वेळ लागला.

"खरं आहे गं, वैजू?"

"आत्ती, साखर किती घालू?"

आत्ती हसायला लागल्या. त्या हसल्या की खेळाच्या तासाला हसल्यासारख्या, मैदानाच्या पलीकडे ऐकू जावं अशा. हसताहसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला, आणि या वेळी धुराचं नाव घेतलं नाही.

"म्हणजे उपकार नव्हते," त्या म्हणाल्या. "व्यवहार होता."

"व्यवहारच की."

"मग हरकत नाही. उपकार मला पचले नसते." त्यांनी बशीत चहा ओतला, एक घोट घेतला. "पण व्यवहार माझ्याकडून पण पुरा होणार. चौथ्या फेरीनंतर तुमचं मनगट ढिलं पडतं, विहीणबाई. माझ्यापुढं होतात तेव्हाच मी बघितलं होतं, पण सांगतोय कशाला? उद्यापासून रोज दुपारीच यायचं. मी बघतो."

"रोज?"

"रोज. आणि रेंजवरून थेट इकडं. काय चुकलं ते गरम असतानाच बोलायचं असतं."

याला आता बरीच वर्षं झाली. पुढच्या साली इचलकरंजीची एक बाई लेकाकडे बेळगावला गेली आणि संघात आत्तींच्या शेजारी आई उभी राहिली. दोघी अजूनही मारतात, दोघींच्या डोळ्यांवर चौगुल्याच्या गोल काचा. रोज मी पतसंस्थेतून घरात पाऊल टाकते, नेमक्या त्याच वेळी रेंजवरून त्या एकदम येतात, आणि जेवणाची ताटं मांडेपर्यंत माझ्या स्वयंपाकघरात एकेका छर्र्याची चौकशी चालते. मधेमधे मला फोडणीही शिकवली जाते, आता दोन्ही बाजूंनी.

हिशेब लावून बघितला तर आत्तींचा तोरा गेला, पण त्याच्या बदल्यात नजर आली. आईची जागा गेली, ती वर्षभरात परत मिळाली. दोघींची खाती केव्हाच मिटली. ज्या दोन तासांसाठी हा सगळा व्यवहार झाला, ते माझे होते; ते तेवढे अजून येणे आहेत.